वन्स मोअर मिळणार नाही

अमेलिया फ्लेचर या इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात प्राध्यापक आहेत. विषय : स्पर्धा धोरण. दोन-चार बड्या कंपन्यांनी मिळून अख्खा बाजार गिळू नये म्हणून कायद्यानं काय करावं, याचा अभ्यास. त्याआधी ब्रिटिश सरकारच्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगमध्ये त्या मुख्य अर्थतज्ज्ञ होत्या आणि कामाबद्दल त्यांना सरकारी किताबही मिळाले आहेत. मे २०२३ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या बुश हॉलमध्ये याच बाई गळ्यात गिटार अडकवून उभ्या राहिल्या. बँडचं नाव हेवनली. १९९६ साली बँडचा ड्रमर, म्हणजे अमेलियांचा भाऊ मॅथ्यू, यानं आत्महत्या केली आणि बाकीच्यांनी ते नाव तिथंच ठेवून दिलं. पुढं तीच माणसं दुसऱ्या नावांनी वाजवत राहिली, पण हेवनली म्हणून नाही. सत्तावीस वर्षांनी ते नाव पुन्हा पाटीवर लागलं. बुश हॉल ही १९०४ सालची नाचघराची इमारत आहे. छताला नक्षी, वर झुंबरं, खाली जेमतेम चारशे माणसांची जागा.

या बाईंचा पहिला बँड तलुला गॉश. तो जमला ऑक्सफर्डमध्ये, १९८६ साली. एका कार्यक्रमात दोन मुलींची नजरानजर झाली, कारण दोघींच्या छातीवर पेस्टल्स या ग्लासगोच्या बँडचा एकच बिल्ला होता. तेवढ्या ओळखीवर दोघींनी बँड काढला. तो दोन वर्षंही धड टिकला नाही. त्यातली एक मुलगी पुढं प्राध्यापक झाली. दुसरी, एलिझाबेथ प्राइस, चित्रफितींतून कलाकृती घडवणारी कलावंत झाली आणि २०१२ साली ब्रिटनचं मानाचं टर्नर पारितोषिक तिला मिळालं. गिटार वाजवणारा पीटर मोमचिलॉफ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांचा संपादक झाला. तिघांपैकी कुणाचंही पोट गाण्यावर चाललं नाही.

ज्या बँडांना लोकप्रियतेच्या यादीत सहसा बूड टेकायलाही जागा मिळाली नाही, त्यांच्यावर लोक चाळीस-चाळीस वर्षं जीव का टाकतात? ‘तरुणपणीची गाणी कुणाला आवडत नाहीत!’ हे उत्तर सोपं आहे आणि अपुरं आहे. तरुणपण काय, दुरान दुरानच्या चाहत्यांनाही होतंच. फरक वेगळा आहे. दुरान दुरानची रेकॉर्ड लोकांनी विकत घेतली. हे दुसरं संगीत चाहत्यांनी जवळजवळ स्वतःच केलं. गाणारे, छापणारे, विकणारे आणि ऐकणारे यांच्यात फारसा भेद नव्हता. माझ्या मते चार दशकांच्या या लोभाचं मूळ तिथं आहे, सुरांत कमी.

या संगीताचं नाव ‘इंडी’. हा शब्द आज गिटारच्या एका ठरावीक किणकिणाटासाठी वापरतात. मुळात तो माल दुकानापर्यंत कसा पोचतो, याच्याशी निगडित होता. जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये स्वतंत्र कंपन्यांच्या रेकॉर्डची वेगळी यादी छापली जाऊ लागली. तिच्यात यायची अट एवढीच, की रेकॉर्ड बड्या कंपन्यांच्या गाड्यांतून दुकानात गेलेली नसावी. मग ती जायची कशी? लंडनचं रफ ट्रेड, लिव्हरपूलचं प्रोब, ब्रिस्टलचं रिव्हॉल्व्हर, यॉर्कचं रेड ऱ्हायनो, नॉर्विचचं बॅक्स अशा दुकानदारांनी आणि वितरकांनी साखळी केली आणि तिला मिश्किलपणे ‘कार्टेल’ असं नाव दिलं. ग्लासगोतल्या पोरांनी पाचशे प्रती काढल्या, तरी त्या नॉर्विचच्या फळीवर दिसू लागल्या. पाचशे प्रतींसाठी साहेबाच्या दारात उभं राहावं लागत नाही, हे कळल्यावर देशभर जे व्हायचं ते झालं.

काळ थॅचरबाईंचा. जानेवारी १९८२ मध्ये बेकारांचा आकडा तीस लाखांच्या वर गेला. बर्कनहेडच्या हाफ मॅन हाफ बिस्किट या बँडनं १९८५ साली आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या नावातच बेकारभत्ता देणारं सरकारी खातं ओवलं, यात सगळं आलं. गंमत अशी, की बेकारांनी स्वतःचा धंदा काढावा म्हणून याच सरकारनं आठवड्याला चाळीस पौंड देणारी योजना आणली आणि तिचा फायदा घेणाऱ्यांत क्रिएशन रेकॉर्ड्सचा ॲलन मगीही होता. पुढं ओएसिस हा बँड त्याच कंपनीतून निघाला. थॅचरबाईंनी या संगीताला हातभार लावला, हे मात्र त्याच्या चाहत्यांसमोर बोलू नये.

या मंडळींचा दिनक्रम बघण्यासारखा होता. रात्री दहा वाजता बीबीसीच्या रेडिओ वनवर जॉन पील लागायचा. तेव्हा बोट कॅसेट रेकॉर्डरच्या बटणावर, कारण पील पुढचं गाणं कुणाचं लावील याचा नेम नसे, आणि ते गाणं पुन्हा कुठं ऐकायला मिळेल याचा तर त्याहून नसे. क्वचित तो चुकीच्या वेगानंही रेकॉर्ड लावायचा आणि मग माफी मागायचा. सकाळी पोस्टानं फॅनझिन यायचं. आपल्याकडच्या साठच्या दशकातल्या अनियतकालिकांचं हे झेरॉक्सच्या यंत्रावरचं भावंड. टंकलेखन, कात्री, गोंद, वाकडेतिकडे मथळे आणि मध्ये घडी घातलेली प्लॅस्टिकची लवचीक तबकडी. पैसे पाकिटात चिकटपट्टीनं लावून पाठवायचे. पोस्टाच्या तिकिटावर आधी साबण किंवा गोंद हलका फिरवायचा. शिक्का त्या थरावर बसतो. पाकीट मिळेल त्यानं तिकीट कोमट पाण्यात धुवायचं आणि उलट टपाली परत पाठवायचं. एकच तिकीट तीन-चार गावं हिंडून यायचं. टपाल खात्याची ही उघड फसवणूक होती आणि तिच्यावाचून ही चळवळ अर्ध्या वेगानं चालली असती.

१९८६ मध्ये एनएमई या संगीत साप्ताहिकानं वाचकांसाठी एक कॅसेट काढली : सी-८६. बावीस बँड, बावीस गाणी. सुरुवातीला प्रायमल स्क्रीमचं दीड मिनिटाच्या आतलं गाणं, शेवटी वेडिंग प्रेझेंट. लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत त्यानिमित्त आठवडाभर कार्यक्रम झाले. आज सी-८६ म्हटलं की गोड, लाजरी, किणकिणती गाणी असं लोक समजतात. मूळ कॅसेट ऐकली तर निम्मे बँड कर्कश आणि आडमुठे निघतात. स्टम्प, बॉगशेड, बिग फ्लेम यांना गोड म्हणायला धाडस लागेल. सलग ऐकणं कष्टाचं काम आहे, हे मी प्रेमानंच म्हणतो. तरी त्या कॅसेटचं नाव एका अख्ख्या पिढीला चिकटलं आणि त्यातल्या कित्येक बँडांना ते लेबल नकोसं झालं. २०१४ साली चेरी रेड कंपनीनं ती तीन सीडींत वाढवून पुन्हा काढली. तेव्हा विकत घेणाऱ्यांत मूळ कॅसेट जपून ठेवलेलेही होतेच.

पण या सगळ्या कहाणीतलं सगळ्यांत हट्टी घर म्हणजे ब्रिस्टलचं सारा रेकॉर्ड्स. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स हे दोघंही फॅनझिन काढणारे. १९८७ मध्ये दोघांनी कंपनी काढली आणि सी अर्चिन्स या बँडचं सिंगल ‘सारा १’ म्हणून आलं. त्यांची काही तत्त्वं होती आणि त्यांत तडजोड नव्हती. सात इंची सिंगल हेच खरं रूप. तेच गाणं बारा इंची तबकडीवर एक जादा गाणं घालून महाग विकायचं, ही बड्या कंपन्यांची चलाखी त्यांना लूट वाटे. सिंगलवरची गाणी पुन्हा आल्बममध्ये कोंबून चाहत्याला दुसऱ्यांदा पैसे मोजायला लावायचे, तेही त्यांना मान्य नव्हतं. डावे विचार, स्त्रीवादी भूमिका आणि हे सगळं फील्ड माइस, ऑर्किड्स, हेवनली अशा मऊ आवाजाच्या बँडांतून. लंडनच्या समीक्षकांनी त्यांना बावळट, बायकी, रडकं असं काय काय म्हटलं. क्लेअर वॉड यांचं म्हणणं असं, की या विशेषणांत संगीताच्या नावडीपेक्षा पुरुषी तुच्छता जास्त आहे. जुनी कात्रणं वाचताना ते पटतं.

क्रमांकांचा तर त्यांना नादच होता. ‘सारा ४’ ही तबकडी नव्हती, फॅनझिन होतं. ‘सारा ५०’ हा ब्रिस्टलभर फिरवणारा सोंगट्यांचा खेळ होता. काही सिंगल्सबरोबर चित्राचा एकेक तुकडा यायचा. सगळे जमवले की ब्रिस्टलचं टेंपल मीड्स रेल्वे स्थानक पुरं व्हायचं. संकलनांना ब्रिस्टल आणि आसपासच्या ठिकाणांची नावं आणि तिकडं जाणाऱ्या बसचे नंबर. जपानात किंवा कॅलिफोर्नियात बसलेल्या मुलाला टेंपल क्लाउड गावाला कुठली बस जाते, हे पाठ असायचं. तो ब्रिस्टलला कधी गेलेला नसे. गेलाच, तर आधी त्या बसमध्ये बसायचा.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये ‘सारा १००’ आलं आणि त्याच दिवशी दोघांनी कंपनी बंद केली. दिवाळं निघालं म्हणून बंद केलेली नव्हती. संगीत साप्ताहिकांत मोठी जाहिरात देऊन त्यांनी सांगितलं, की हे आमचं आहे, आम्ही उभं केलं, मोडायचं कसं तेही आम्हीच ठरवणार आणि आम्ही वन्स मोअर घेत नाही. ब्रिस्टलच्या बंदरात नांगरलेल्या थेकला या जहाजावर निरोपाचा कार्यक्रम झाला. संपलं. पुढच्या काळात त्यांच्यावर माहितीपट निघाला, मायकल व्हाइट यांचं जाडजूड पुस्तक निघालं, जुन्या सिंगल्सच्या किमती चढल्या. ‘सारा १०१’ मात्र निघालेलं नाही.

वन्स मोअरवरून लीड्सचा वेडिंग प्रेझेंट आठवायलाच हवा. ‘परवशता पाश दैवे’ला पाच-पाच वन्स मोअर घेणाऱ्या नाट्यरसिकांच्या वारसांना हे झेपणार नाही, पण डेव्हिड गेजचा हा बँड वन्स मोअर घेतच नाही. शेवटच्या गाण्याआधी तो तसं सांगतो. गाणं संपतं, दिवे लागतात. जुने चाहते ओरडतही नाहीत. नवखा कुणी टाळ्या पिटत उभा राहिला, तर शेजारचा त्याला हळूच समजावतो. आणि थोड्या वेळानं गेज बहुधा टी-शर्टांच्या टेबलाशी दिसतो. सह्या करतो, सुटे पैसे परत देतो. १९८५ पासून बँडमध्ये शेकड्यानं माणसं आली-गेली म्हणावं इतके वादक बदलले. कायम तो एकटाच. १९९२ मध्ये त्यांनी दर महिन्याला एक याप्रमाणे बारा सिंगल्स काढली आणि बाराही पहिल्या तिसात आली. एका वर्षात इतकी गाणी यादीत आणण्याच्या एल्विस प्रिस्लीच्या विक्रमाशी बरोबरी झाली. पहिला आल्बम ‘जॉर्ज बेस्ट’ १९८७ चा. वीस वर्षांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत त्यांनी दौरा केला.

हे अख्खा आल्बम वाजवण्याचं खूळ मला अर्धंच पटतं. कुठलं गाणं कुठल्या गाण्यानंतर येणार हे आधीच ठाऊक असेल, तर कार्यक्रमाला जायचं कशाला? पण तिथली माणसं बघितली की विरोध लुळा पडतो. पन्नाशी-साठीचे लोक. कानात मेणाचे बोळे, पायात गादीचे बूट, खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत नुकतीच घेतलेली रेकॉर्ड वाकू नये म्हणून पुठ्ठा. गुडघे कुरकुरतात म्हणून भिंतीला टेकून उभे. पहिल्या चार सुरांत हेच लोक पुढं सरकतात. काहींच्या शेजारी त्यांची विशीतली मुलगी असते आणि शब्द तिलाही पाठ असतात. कार्यक्रम साडेदहा-अकराला संपतो, कारण शेवटची गाडी गाठायची असते. विशीतही तीच गाठायची होती. तेव्हा चुकली तर फलाटावर झोपता यायचं.

हाफ मॅन हाफ बिस्किटचे चाहते तर वेगळाच पंथ आहे. बँडचा गायक नायजेल ब्लॅकवेल याला आग्रह करणं व्यर्थ. ऐंशीच्या दशकात ‘द ट्यूब’ या टीव्हीवरच्या गाजलेल्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तर बँडनं नकार दिला, कारण त्या संध्याकाळी त्यांच्या ट्रॅनमियर रोव्हर्स या फुटबॉल संघाचा घरच्या मैदानावर सामना होता. हेलिकॉप्टरनं पोचवतो म्हटलं, तरी नाही. वर्षाला मोजके कार्यक्रम करतात. चाहते त्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाहून येतात, आणि गर्दीत डुक्ला प्राग या झेक संघाचा परगावच्या सामन्यांचा सदरा घातलेले हमखास भेटतात. त्यांच्या एका जुन्या गाण्यात तो सदरा आहे.

प्रेम इतकं असलं की फसवणूकही तितकीच लागते. स्मिथ्स हा या पिढीचा सगळ्यांत मोठा बँड. १९८७ मध्ये फुटला आणि पुन्हा एकत्र आला नाही. बासवादक अँडी रॉर्क मे २०२३ मध्ये गेला, हेवनली पुन्हा उभा राहिला त्याच महिन्यात. गायक मॉरिसी मात्र चाहत्यांना चैन पडू देत नाही. १९९२ मध्येच कॉर्नरशॉप या बँडनं त्याच्या झेंडा मिरवण्याच्या राष्ट्रवादी चाळ्यांचा निषेध म्हणून ईएमआय या त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या कचेरीसमोर त्याचं छायाचित्र जाळलं होतं. २०१९ साली तो अमेरिकन टीव्हीवर इस्लामविरोधी अतिउजव्या पक्षाचा बिल्ला लावून गायला. ज्या जगात बिल्ल्यावरून माणसं एकमेकांना ओळखायची, तिथं हे जिव्हारी लागलं. जगातलं सगळ्यांत जुनं रेकॉर्डचं दुकान म्हणवणाऱ्या कार्डिफच्या स्पिलर्सनं त्याच्या रेकॉर्ड विकणं बंद केलं. स्मिथ्स ऐकायचा की नाही, हा वाद चाहत्यांच्या घरोघरी आहे, आणि माझ्या पाहण्यात तो कुणी जिंकलेला नाही.

छायाचित्र जाळणाऱ्या त्याच कॉर्नरशॉपनं १९९७ मध्ये जे गाणं केलं, ते आपल्या सांगलीच्या आशा भोसले यांच्यावर. बँडच्या तजिंदर सिंगचं बालपण इंग्लंडमधल्या पंजाबी घरातलं. घरात ४५ आरपीएमच्या तबकड्या, त्यांवर हिंदी चित्रपटगीतं. कंपनी विजा, जिचं नाव रफ ट्रेडच्या दुकानाच्या पिन कोडवरून आलेलं. फेब्रुवारी १९९८ मध्ये डीजे नॉर्मन कुकनं नव्यानं बांधलेलं ते गाणं ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं. इंडीचं जग बव्हंशी गोरं, शिकल्या-सवरल्या घरांतलं होतं, हा आक्षेप खरा आहे. त्याला त्याच जगातून मिळालेलं सगळ्यांत गोड उत्तर हे.

पोस्टकार्ड रेकॉर्ड्सचा उल्लेख राहिला, तर ग्लासगोचे लोक माफ करणार नाहीत. त्यांचे बँड : ऑरेंज ज्यूस, जोसेफ के, ॲझ्टेक कॅमेरा. १९८० च्या आसपासची ही इवलीशी कंपनी नसती, तर वर सांगितलेलं पुष्कळसं झालं नसतं. ऑरेंज ज्यूसचा एडविन कॉलिन्स याला फेब्रुवारी २००५ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला. वाचा गेली. हो, नाही, पत्नी ग्रेस मॅक्सवेल यांचं नाव आणि ‘शक्यता अनंत आहेत’ अशा अर्थाचं एक वाक्य, एवढंच तोंडून निघायचं. उजवा हात निकामी झाला म्हणून तो डाव्या हातानं पक्ष्यांची चित्रं काढू लागला. २००७ मध्ये पुन्हा मंचावर आला. बोलताना अडखळणारा हा माणूस गाताना फारसा अडखळत नाही. गिटार इतर वाजवतात, तो काठीच्या आधारानं उभा राहतो किंवा बसतो, आणि समोरचे लोक शब्द घट्ट धरून ठेवतात, म्हणजे निसटलाच तर उचलून देता यावा.

२०११ मध्ये तो इंडीट्रॅक्सला गायला. डर्बीशरमधल्या बटर्ली इथल्या वाफेच्या इंजिनांच्या जुन्या रेल्वेवर २००७ ते २०१९ पर्यंत हा महोत्सव भरत होता. तिथं स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या एका चाहत्याची ही कल्पना. एक मंच मोकळ्यावर, एक इंजिनांच्या शेडमध्ये, एक पत्र्याच्या छोट्या चर्चमध्ये आणि एक चक्क चालत्या गाडीच्या डब्यात. डब्यात ध्वनिवर्धक नाही, गाणारा आणि ऐकणारा यांचे गुडघे एकमेकांना लागताहेत, खिडकीबाहेर मेंढ्या. करोनानंतर आयोजकांनी तो थांबवला. इथंही वन्स मोअर नाही.

आता खरी अडचण जागांची आहे. लंडनचं ॲस्टोरिया थिएटर नव्या रेल्वेमार्गासाठी २००९ मध्ये पाडलं. म्युझिक व्हेन्यू ट्रस्टच्या अहवालानुसार एकट्या २०२३ मध्ये ब्रिटनमधली अशी १२५ लहान ठिकाणं बंद पडली किंवा तिथलं संगीत थांबलं. भाडं, विजेचं बिल, शेजारी नव्यानं राहायला आलेल्यांची आवाजाबद्दलची तक्रार अशी कारणं. मोठ्या स्टेडियममधल्या प्रत्येक तिकिटामागं एक पौंड काढून या लहान जागांना द्यावा, अशी ट्रस्टची मागणी आहे. काही कलाकारांनी आणि सभागृहांनी ती मान्य केली, बरेच अजून हिशेब करताहेत. माझ्या मते हा पौंड कायद्यानं घ्यावा. स्टेडियममध्ये गाणारे बहुतेक जण याच खोल्यांतून वर गेलेले आहेत.

या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांची लेक-जावई, मुलगा-सून लीड्स, मँचेस्टर, ब्रिस्टल, ग्लासगोला असतात आणि तिकडच्या उन्हाळ्यात तुमची एखादी फेरी होते. राजवाडा, तळी, बागा बघून झाल्यावर एक संध्याकाळ काढा. लीड्सला असाल तर ब्रुडनेल सोशल क्लब आहे. १९१३ सालचा कामगारांचा क्लब, बिलियर्डची टेबलं शाबूत, आणि आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी कुणी ना कुणी वाजवत असतं. ग्लासगोला असाल तर पेस्टल्सच्या स्टीफननं मित्रांबरोबर काढलेलं मोनोरेल हे रेकॉर्डचं दुकान आहे, शेजारच्या टेबलावर शाकाहारी जेवणही मिळतं. ज्यांचं नाव कधी ऐकलेलं नाही, अशा बँडचं तिकीट काढा. आवाज मोठा असतो, कानात घालायला कापूस न्या. आवडलं तर टेबलावरून एखादी रेकॉर्ड घ्या, कारण त्या रात्रीचा त्यांच्या गाडीचा पेट्रोलखर्च बहुधा त्यातूनच निघतो. आणि घरी परतायची शेवटची बस किती वाजता आहे, ते जावयाला आधीच विचारून ठेवा.